मान लववून फोटो काढणारा माणूस : रोबेर द्वानो

घरातला जुना अल्बम उघडून पाहा. आईवडिलांच्या किंवा आजीआजोबांच्या लग्नाचे काळेपांढरे फोटो त्यात असतील आणि त्यांतले बरेचसे अगदी चौकोनी असतील. त्या काळी लग्नघरी येणारा फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावत नसे. गळ्यात अडकवलेला कॅमेरा तो पोटाशी धरायचा, वरचे झाकण उघडायचा आणि मान खाली घालून त्यात डोकावायचा. कॅमेऱ्याला एकावर एक असे दोन डोळे असायचे. रोलीफ्लेक्स, रोलीकॉर्ड, पुढे जपानी यशिका ही नावे जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी असत. शास्त्रीय नाव ट्विन लेन्स रिफ्लेक्स.

या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने ज्याला घडवले अशा एका फ्रेंच माणसाची ही ओळख. त्याचे नाव रोबेर द्वानो. नाव कदाचित ओळखीचे वाटणार नाही, पण त्याचा एक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. पॅरिसच्या गर्दीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता चुंबन घेणारे एक तरुण जोडपे. कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये, कॉफीच्या दुकानात, शुभेच्छापत्रांवर तो फोटो जगभर पोहोचला. त्या एका फोटोने द्वानोंना अमाप प्रसिद्धी दिली आणि म्हातारपणी कोर्टाची पायरीही चढायला लावली. फोटो कोणाचा, काढणाऱ्याचा की ज्याचा काढला त्याचा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना तो आपल्याही दाराशी आला आहे. म्हणून हे चरित्र.

लाजरा मुलगा

रोबेर द्वानो यांचा जन्म १४ एप्रिल १९१२ रोजी पॅरिसच्या दक्षिणेला लागून असलेल्या जाँतीयी या उपनगरात झाला. वडील नळकाम करणारे. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर गेले आणि परत आलेच नाहीत. तेव्हा रोबेर जेमतेम चार वर्षांचा होता. सात वर्षांचा असताना आईही गेली. मावशी-आत्याच्या घरी वाढणाऱ्या मुलाला जसे सांभाळून, गप्प राहून वागावे लागते तसेच त्याचे बालपण गेले.

तेराव्या वर्षी त्याला पॅरिसच्या एकोल एतिएन या छपाई आणि पुस्तकनिर्मितीच्या हस्तकला शाळेत घातले. तिथे तो धातूवरचे कोरीवकाम आणि शिळाछाप शिकला आणि १९२९ साली पदविका घेऊन बाहेर पडला. पहिली नोकरी मिळाली ती औषधांच्या बाटल्यांवरची लेबले तयार करण्याची. शिकलेली कला जुनी होत चालली होती आणि जग फोटोकडे वळत होते.

सोळाव्या वर्षापासून त्याला फोटोचा नाद लागला होता, पण स्वभाव इतका लाजरा की माणसासमोर कॅमेरा धरण्याची हिंमत होईना. मग त्याने रस्त्यात बसवलेल्या दगडी चिऱ्यांचे फोटो काढले. दगड काही तक्रार करत नाहीत! त्यानंतर मुलांचे काढले. मोठ्या माणसांपर्यंत यायला त्याला बराच काळ लागला. पुढे ज्याचे नाव माणसांच्या फोटोंसाठी झाले, त्याची सुरुवात ही अशी.

दोन डोळ्यांचा कॅमेरा

१९३१ साली तो आंद्रे विन्यो या नामवंत फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून लागला. १९३२ मध्ये पॅरिसच्या जुन्या बाजारावरची त्याची पहिली चित्रमालिका 'एक्सेलसियोर' या दैनिकात छापून आली. याच सुमारास त्याच्या हातात रोलीफ्लेक्स आला.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हाइडेके या दोघांनी १९२० साली कारखाना सुरू केला होता. त्यांचा रोलीफ्लेक्स १९२९ मध्ये बाजारात आला. त्याची रचना समजायला सोपी आहे. खालच्या भिंगातून फिल्मवर फोटो उमटतो. वरच्या भिंगातून येणारे चित्र आत तिरक्या बसवलेल्या आरशावर आदळून वर काचेवर पडते आणि फोटोग्राफर ते वरून पाहतो. दोन्ही भिंगे एकत्र पुढेमागे सरकतात, त्यामुळे वर चित्र स्पष्ट दिसले की खालीही ते स्पष्टच येणार. काचेवर डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते, म्हणून नवशिक्याची सुरुवातीला फार तारांबळ उडते. माणूस डावीकडे निघाला की हात कॅमेरा नेमका उलट्या बाजूला वळवतो. एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो बसत. बाराच, त्यामुळे उधळपट्टी नाही.

लाजऱ्या माणसासाठी मात्र या कॅमेऱ्यासारखा सोबती नव्हता. एक तर त्याचा आवाज अगदी बारीक. आरसा जागचा हलत नाही, शटर भिंगातच बसवलेले, त्यामुळे होते ती फक्त हलकीशी टिकटिक. दुसरे म्हणजे समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर डोळे रोखावे लागत नाहीत. फोटोग्राफर मान खाली घालून उभा असतो, जणू नमस्कारच करतो आहे. आणि तिसरी गोष्ट अशी की पोटाशी धरलेले भिंग लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. मोठ्या माणसाने वरून खाली पाहिलेले मूल आणि त्याच्या बरोबरीने उभे राहून पाहिलेले मूल यांत फरक असतो. द्वानोंच्या फोटोंतली मुले दुसऱ्या प्रकारची आहेत. १९३४ सालच्या त्यांच्या एका फोटोत पॅरिसच्या एका गल्लीत दोन भाऊ हातांवर चालत आहेत, पाय वर आकाशात, आणि दुसरी दोन मुले त्यांच्याकडे पाहत उभी आहेत. फोटो पाहताना आपणही त्यांच्याच वयाचे होतो.

कारखाना, हजेरी आणि युद्ध

१९३४ साली पॅरिसजवळच्या बियांकूर इथल्या रेनॉच्या मोटार कारखान्यात त्यांना औद्योगिक फोटोग्राफरची नोकरी मिळाली. यंत्रे, कामगार, नव्या मोटारींच्या जाहिराती असे सगळे तिथे काढावे लागे. पिएरेत त्यांच्या आयुष्यात आली ती याच वर्षांत. १९३७ मध्ये दोघे मोंरूज या उपनगरातल्या एका घरात राहायला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. पुढे त्यांना आनेत आणि फ्रांसीन अशा दोन मुली झाल्या.

कारखान्याच्या शिस्तीशी मात्र द्वानोंचे कधी जमले नाही. भोंगा वाजला तरी हे वाटेतच. पाच वर्षे उशिरा येण्याबद्दल बोलणी खाल्ली आणि अखेर १९३९ मध्ये नोकरी गेली. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी हयातभर गेटवर कार्ड पंच केले आहे त्यांना ही भीती सांगायला नको! पण त्या पाच वर्षांनी त्यांना कामगारवस्तीची, पाळीहून परतणाऱ्या थकलेल्या माणसांची जी ओळख करून दिली ती जन्मभर पुरली.

नोकरी गेल्यावर त्यांनी स्वतंत्र काम करायचे ठरवले. राफो या फोटोसंस्थेचे संस्थापक चार्ल्स राडो यांनी त्यांना काम दिले. दोर्दोन्य नदीवर नावेतून फिरत फोटो काढण्याचे पहिलेच काम चालू असताना दुसरे महायुद्ध जाहीर झाले. द्वानोंना सैन्यात जावे लागले. १९४० मध्ये ते सुटून आले तेव्हा पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते.

आणि इथे शाळेतली ती जुनी, कालबाह्य वाटणारी कला उपयोगी पडली. कोरीवकाम आणि छपाई जाणणाऱ्या या माणसाने भूमिगत प्रतिकार चळवळीसाठी खोटी ओळखपत्रे आणि पासपोर्ट बनवून दिले. पकडले गेल्यास काय होईल हे सर्वांना ठाऊक होते. पोट भरण्यासाठी याच काळात ते पोस्टकार्डेही तयार करत. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त होऊ लागले तेव्हा रस्त्यावरच्या अडथळ्यांआड उभ्या असलेल्या सामान्य नागरिकांचे फोटो त्यांनी काढले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका फोटोत पडीक जागेवरच्या मोटारीच्या सांगाड्यावर मुले खेळत आहेत. युद्ध चालू होते, पण मुलांची मोटार कुठेतरी दूर निघाली होती.

खुर्चीमागचा कॅमेरा

युद्धानंतर १९४६ मध्ये राफो संस्था रेमाँ ग्रोसे यांनी पुन्हा उभी केली. द्वानो तिच्यात गेले ते कायमचे. गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढणारे ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ हे त्यांचे मित्र. त्यांनी आपल्या मॅग्नम या प्रसिद्ध संस्थेत बोलावले तरी द्वानो जुन्या माणसांना सोडून गेले नाहीत.

१९४८ साली रोमी नावाच्या मित्राच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात त्यांनी एक गंमत केली. दुकानाच्या काचेत एका विवस्त्र स्त्रीचे तैलचित्र लावले होते. द्वानोंनी रोलीफ्लेक्स आतल्या बाजूला एका जुन्या खुर्चीआड लपवून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे टिपले. कोणी संतापले, कोणी हसू दाबले. सगळ्यांत गाजला तो एका जोडप्याचा फोटो. बाई दुसऱ्याच एका चित्राबद्दल काहीतरी मन लावून सांगत आहेत आणि शेजारी उभ्या असलेल्या यजमानांची नजर हळूच त्या तैलचित्राकडे वळली आहे! ही चित्रमालिका अमेरिकेतल्या 'लाइफ' साप्ताहिकाने छापली आणि लोक खूप हसले.

यात एक गोष्ट विसरता येत नाही. त्या गृहस्थांना कोणी विचारले नव्हते. विनोद त्यांच्यावर झाला आणि तो जगभर गेला. ज्याची मान कॅमेऱ्यासमोर लवत असे त्या माणसाने इथे कॅमेरा लपवला होता.

पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, लेखक ब्लेझ सांद्रार यांच्याबरोबर त्यांचे पॅरिसच्या उपनगरांवरचे पुस्तक आले. पर्यटकांच्या पॅरिसमध्ये ज्याला जागा नव्हती ते सगळे त्यात होते. अंगणात वाळणारे कपडे, गॅसच्या टाक्या, मोकळी पडीक मैदाने, रविवारी नवे कपडे घालून निघालेली कुटुंबे. आपले गाव सोडून शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या वस्तीत जे राहिले आहेत, मग ती वस्ती कोणत्याही प्रांतातली असो, त्यांना हे फोटो परके वाटू नयेत.

ते चुंबन

१९५० मध्ये 'लाइफ'ने पॅरिसमधल्या प्रेमिकांवर एक चित्रमालिका मागितली. काम सोपे वाटले तरी द्वानोंना त्यात अडचण दिसली. रस्त्यात चुंबन घेणाऱ्या अनोळखी जोडप्याचा फोटो छापायचा कसा? त्यांच्या घरी काय गहजब होईल कोणास ठाऊक. मग एका कॅफेत त्यांना नाट्यशिक्षण घेणारे एक तरुण जोडपे दिसले. दोघे खरोखरच प्रेमात होते. द्वानोंनी त्यांना गाठून विचारले, मोबदला देऊ केला आणि शहरातल्या दोनतीन ठिकाणी त्यांना पुन्हा चुंबन घ्यायला लावून फोटो काढले. त्यांतला नगरपालिकेच्या इमारतीसमोरचा तो जगप्रसिद्ध फोटो. जून १९५० मध्ये तो छापला गेला आणि पुढची पस्तीस वर्षे त्याची कोणी फारशी दखल घेतली नाही. ते जोडपेही काही महिन्यांत वेगळे झाले.

म्हणजे १९४८ मध्ये कॅमेरा लपवणारा माणूस १९५० मध्ये परवानगी मागून, पैसे देऊन फोटो काढत होता. चुंबन खरे होते, प्रेम खरे होते, माणसांची संमती होती. फक्त तो क्षण अवचित सापडलेला नव्हता, तो मांडलेला होता. आणि ही गोष्ट द्वानोंनी जाहीरपणे सांगितली नाही. त्या मौनाची किंमत पुढे मोजावी लागली.

परवानगी असूनही

पुढची वर्षे भरभराटीची होती. १९५२ मध्ये वालोरिस इथे त्यांनी चित्रकार पिकासोंचा फोटो काढला. टेबलावर बोटांसारखे लांबट पाव मांडलेले, आणि पिकासोंच्या बाह्यांतून हातांऐवजी जणू पावच बाहेर आले आहेत! १९५६ मध्ये त्यांना फ्रान्सचा मानाचा निएप्स पुरस्कार मिळाला. वर्गातली मुले टिपणारा त्यांचा गाजलेला फोटो त्याच वर्षीचा. एक मुलगा उत्तर आठवत छताकडे पाहतो आहे. परीक्षेत छताकडे पाहिलेले नाही असा आपल्यात कोण आहे?

१९५८ मध्ये पॅरिसच्या एका छोट्या मद्यालयात त्यांनी एक तरुणी आणि एक मध्यमवयीन गृहस्थ यांचा फोटो काढला. समोर द्राक्षमद्याचे पेले, चेहऱ्यावर निवांतपणा. द्वानोंनी दोघांना विचारूनच तो काढला होता. अशा मद्यालयांवरच्या एका अंकात तो रीतसर छापला गेला. नंतर फोटो संस्थेच्या संग्रहात गेला आणि तिथून काढणाऱ्याला न विचारता बाहेर पडला. आधी दारूबंदीच्या प्रचारपत्रिकेत तो दारूच्या दुष्परिणामांचे उदाहरण म्हणून आला. मग एका सनसनाटी पत्राने तो वेश्याव्यवसायावरच्या मजकुराशेजारी छापला.

ते गृहस्थ चित्रकला शिकवणारे शिक्षक होते. शेजारी, विद्यार्थी, नातेवाईक यांना तोंड कसे दाखवायचे? त्यांनी दावा लावला. न्यायालयाने त्या पत्राला दंड केला आणि फोटो काढणाऱ्याला निर्दोष ठरवले. पण निर्दोष सुटले म्हणून त्या शिक्षकाची अब्रू परत आली असे थोडेच होते? फोटो तोच, माणसे तीच, शेजारी छापलेली ओळ बदलली आणि सज्जन माणूस क्षणात बदनाम झाला. परवानगी मागितली तरी काढणाऱ्याची जबाबदारी तिथे संपत नाही, हे या प्रकरणाने दाखवले.

प्रसिद्धीचा उतारा

साठच्या दशकात दूरचित्रवाणी आली, चित्र-साप्ताहिकांचे दिवस सरले आणि द्वानो जाहिराती, कारखान्यांची पत्रके अशी कामे करत राहिले. सत्तरच्या दशकात नव्या पिढीने त्यांना पुन्हा शोधले. १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ अनंतकाळातले तीन सेकंद असा होतो. एका फोटोला सेकंदाचा शंभरावा भाग धरला तर तीनशे चांगल्या फोटोंचे होतात तीन सेकंद. आयुष्यभराच्या मेहनतीचा हा हिशेब! १९८३ मध्ये फ्रान्सचा राष्ट्रीय छायाचित्रण पुरस्कार त्यांना मिळाला. पुढच्याच वर्षी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, सरकारी प्रकल्पासाठी रंगीत फिल्म घेऊन ते आपल्या जुन्या उपनगरांत परतले. मुले जिथे खेळत होती तिथे आता उंच इमारती उभ्या होत्या.

१९८६ मध्ये चुंबनाचा फोटो पोस्टर म्हणून निघाला आणि लाखांनी खपला. मग भलतेच घडले. फोटोतले जोडपे आम्हीच, असे अनेकजण म्हणू लागले. एका जोडप्याने तर न विचारता फोटो काढल्याबद्दल भरपाईचा दावा लावला. आता द्वानोंना सांगणे भाग पडले की फोटो मांडलेला होता. खरी तरुणी पुढे आली. तिच्याकडे त्यांनी तेव्हाच दिलेली शिक्क्याची मूळ प्रत होती. तिनेही वाढीव मोबदल्यासाठी दावा केला. १९९३ मध्ये न्यायालयाने दोन्ही दावे फेटाळले.

खटला जिंकला, पण ऐंशीच्या घरातला माणूस खचला होता. लोकांना वाटले आपली फसवणूक झाली, आणि पिएरेत दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळली होती. १९९३ मध्ये ती गेली. १ एप्रिल १९९४ रोजी द्वानोही गेले. रेझ्यो या गावी दोघांना शेजारी शेजारी विसावा मिळाला. मोंरूजच्या घरात मागे राहिल्या सुमारे साडेचार लाख निगेटिव्ह. दोन्ही मुलींनी पुढे तो ठेवा जपला. त्या तरुणीने आपल्याकडची मूळ प्रत २००५ मध्ये लिलावात काढली तेव्हा तिला दीड लाख युरोंहून अधिक किंमत आली.

वाचकहो, द्वानो संत नव्हते. कधी त्यांनी कॅमेरा लपवला, कधी क्षण मांडला आणि गप्प राहिले. पण समोरच्या माणसाला हिणवावे म्हणून त्यांनी कॅमेरा उचलला असे त्यांच्या फोटोंत दिसत नाही. बारा फोटोंच्या रोलने त्यांना थांबायला शिकवले आणि त्या दोन डोळ्यांच्या कॅमेऱ्याने मान लववायला.

आता आरती सुरू झाली की शंभर हात मोबाईल घेऊन वर जातात. फोटो काढताना मान खाली जात नाही, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत बेभान नाचणाऱ्या काकांचा फोटो घरी पोहोचण्याआधी दहा ग्रुपवर पोहोचलेला असतो, खाली कोणीतरी एक ओळही लिहिलेली असते. काढावेत, फोटो जरूर काढावेत. पन्नास वर्षांनी नातवंडे तेच पाहणार आहेत. फक्त बोट दाबण्यापूर्वी, आणि पाठवण्यापूर्वी तर नक्कीच, समोरच्या माणसासाठी मनातल्या मनात थोडी मान लववावी. यंत्र बदलले तरी तेवढे आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!